सोनवण्यांचं डिफरन्शियल

सोनवण्यांना कुठलीही मोटार दिसली की ते आधी वाकायचे. मोटार कुणाची, रंग कुठला, आत कोण बसलंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तेवढाच त्यांना पाहायचा असे. एकदा धुळ्यात आग्रा रोडवर कलेक्टरसाहेबांची जीप येऊन थांबली. साहेब उतरताहेत आणि हे जीपच्या मागे कमरेत वाकून उभे. साहेबांना वाटलं, इतका लवून नमस्कार करणारा माणूस नक्की काहीतरी अर्ज घेऊन आला असणार. "बोला, काय काम आहे?" त्यांनी विचारलं. सोनवणे सरळ होत म्हणाले, "काम काही नाही साहेब. तुमच्या डिफरन्शियलचं तेल गळतंय." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. या माणसाबरोबर रस्त्यानं चालणं बरं नाही, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते त्या दिवशी.

पण चालावं लागे. आम्ही दोघं एकाच तंत्रशाळेत शिकवत होतो आणि पाचव्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहत होतो. माझा विषय गणित, त्यांचा यंत्ररचना आणि आराखडे. साठ सालानंतरचे दिवस. डिप्लोमा झालेल्या पोराला एस.टी.च्या डेपोत नाहीतर साखर कारखान्यात नोकरी लागे, म्हणून साक्री-शिरपूरकडची, जळगाव-भुसावळकडची मुलं आमच्याकडे येत. सोनवणे स्वतः साक्रीकडचे. वर्गात ते छापील मराठी बोलत. राग आला किंवा आनंद झाला की अहिराणीवर येत, आणि त्यांना राग येवो की आनंद होवो, कारण बहुधा डिफरन्शियलच असे.

दिसायला काही विशेष नव्हते. उंच, वाळके, खांदे पुढे आलेले. शर्टाच्या खिशात पेन्सिली, त्याही दोन्ही टोकांनी तासलेल्या, त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशांना खालून भोकं. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता ते त्याच्या खांद्याकडे पाहत, जणू तिथून कुठला दांडा कुठे गेला आहे याचा अंदाज घेताहेत. एक प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असे, "बळ कुठं गेलं ते सांगा." मुलगा फळ्यावर गणित करताना अडला की हा प्रश्न. पगारवाढ जाहीर झाली आणि हाती काहीच पडलं नाही तेव्हाही हाच प्रश्न. माझं घरी भांडण झालं आणि मी त्यांच्या ओट्यावर येऊन बसलो, तेव्हासुद्धा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे महाजन. पण बळ कुठं गेलं?" मी उठून घरी गेलो.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मला गणिताच्या पुस्तकातून कळलं असतं तर मी ते दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. सोनवण्यांनी ते पटांगणात शिकवलं आणि मी खिडकीतून पाहिलं. दोन मुलांच्या खांद्यांवर त्यांनी एक आडवा बांबू दिला आणि म्हणाले, "आता वळा." आतल्या बाजूचा जागच्या जागी पाय आपटत राहिला, बाहेरचा पळत सुटला. "मोटार वळते तेव्हा तिच्या मागच्या चाकांचं हेच होतं. एकाला हळू जायचंय, एकाला पळायचंय, आणि इंजिन तर एकच. मग दोघांना आपापल्या चालीनं फिरू देऊन ढकलायचं कसं? त्यासाठी हे यंत्र." मग त्यांनी विचारलं, "बैलगाडीही वळते. तिला का लागत नाही हे?" खेड्यातली मुलं ती. एकानं सांगितलं, "सर, गाडीची चाकं सुटी असतात. त्यांना कुणी ढकलत नाही, ती मागून येतात." सोनवणे इतके खूश झाले की म्हणाले, "बस रे भाऊ, आते तुले बठ्ठं समजनं," म्हणजे आता तुला सगळं समजलं.

पण या यंत्राचं एक वागणं त्यांना सहन होत नसे. एक चाक चिखलात गेलं आणि दुसरं घट्ट जमिनीवर असलं, तर चिखलातलं चाक गरगरा फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं जागचं हलत नाही. गाडी रुतते. आपल्या काळ्या मातीत पावसापाण्याच्या दिवसांत हे रोजचंच. आम्ही एकदा एका सहकाऱ्याच्या लग्नाला एस.टी.नं साक्रीकडे निघालो होतो. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली आणि रुतली. उतारू खाली उतरून धक्का मारायला लागले. सोनवणे लग्नाच्या कपड्यांत मागच्या चाकांजवळ उकिडवे बसले आणि ओरडले, "थांबा रे! धक्का मारू नका! आधी देखू द्या!" सगळे थांबले. बिचाऱ्यांना वाटलं, हा कुणी जाणता माणूस आहे, काहीतरी युक्ती सांगेल. सोनवण्यांनी ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवायला लावलं, एका चाकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "हाई चाक फिरस. आनि ते चाक देखा, उभं शे!" एवढंच. युक्ती काही नव्हती. ड्रायव्हरनं त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही लग्नाला पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या, आणि सोनवण्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर चिखलाचे फटकारे होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. ते थांबलं एका मुलाच्या प्रश्नामुळे. बोदवडकडचा वानखेडे म्हणून मुलगा होता. हुशार, अबोल. सोनवणे वर्गात तावातावानं सांगत होते की दुरुस्ती वेगळी आणि रचना वेगळी, जुना भाग काढून नवा बसवणं हे काही इंजिनियरचं काम नव्हे. वानखेडे उठला आणि त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "सर, तुम्ही डिझाईन केलेलं काही कुठे चालतंय का? आम्हाला बघायचंय." वर्ग हसला नाही. सोनवणेही रागावले नाहीत. ते म्हणाले, "नाही."

त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "महाजन, मी इतकी वर्षं डिझाईन शिकवतो आणि मला ते येत नाही," ते म्हणाले. "पुस्तकातलं उदाहरण सोडवता येतं. उत्तर मागच्या पानावर असतं. पण मागचं पान नसलं तर?" मी नेहमीप्रमाणे थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यांना एवढंच हवं होतं की आपल्या हिशेबानं बनलेली एक तरी वस्तू कुठेतरी चालताना दिसावी. मोठं नाव नको, बढती नको. वस्तू कुठली, हा प्रश्नच नव्हता. चिखलात न रुतणारं डिफरन्शियल.

तेव्हापासून ते शिकायला बसले. मुंबईहून टपालानं जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवली. त्यात सगळं होतं, सूत्रं होती, कोष्टकं होती. पण दर दोन पानांमागे एक वाक्य असे की अमुक माप अनुभवावरून ठरवावं. सोनवणे ते वाक्य मला वाचून दाखवत आणि वैतागून विचारत, "हा अनुभव कुठल्या दुकानात मिळतो? धुळ्यात कुणाला आहे? नाशिकला आहे? ज्यानं कधीच केलं नाही त्यानं अनुभव आणायचा कुठून, आणि अनुभव नाही तर करायचं कसं?" याचं उत्तर त्या जाडजूड पुस्तकांतही नव्हतं.

डिफरन्शियलच्या आतली छोटी दातेरी चाकं शंकूसारखी असतात. दोन शंकूंची टोकं एका बिंदूत मिळायला हवीत आणि प्रत्येक दातही त्याच बिंदूकडे निमुळता होत गेला पाहिजे. हे कागदावर काढता येतं, पण डोक्यात बसत नाही. म्हणून सोनवण्यांनी गाजरं आणली. जाड, बुटकी गाजरं निवडून त्यांवर चाकूनं दात कोरायचे आणि दोन गाजरं एकमेकांवर फिरवून पाहायची. एक दात दुसऱ्यावर चढला की ते गाजर बाद. बाद गाजरं स्वयंपाकघरात. सोनवणेवहिनींनी पहिले काही दिवस चालवून घेतलं. मग एकदा मी बसलेलो असताना त्या परात घेऊन बाहेर आल्या. "आते गाजरेस्ले बी दात फुटनात," त्या म्हणाल्या. "महाजनभाऊ, तुम्हीच सांगा, मी काय रांधू? यास्नं डिफरन्शियल?" सोनवणे मान वर न करता म्हणाले, "त्या डावीकडच्याला हात लावू नकोस. ते जमलंय." आमच्याकडेही त्या हिवाळ्यात दातेरी गाजरांची कोशिंबीर बरेचदा आली. चवीत फरक नसतो.

गाजरांनंतर पितळ. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून त्यांनी लाकडी साच्यावरून पितळी चाकं ओतून घेतली आणि घरी कानस मारत बसले. शेवटी एक दिवस त्यांनी पितळेचं डिफरन्शियल वर्गात आणलं. हँडल फिरवलं की दोन्ही बाजूंची चाकं फिरत. एक हातानं धरून ठेवलं की दुसरं दुप्पट वेगानं पळे. आणि बाजूला एक खुंटी होती. ती आत ढकलली की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जात. एकाला फिरवाल तर दुसऱ्याला फिरावंच लागणार. या खुंटीला सोनवणे कुलूप म्हणत. "चिखल आला, कुलूप लावा. चिखल संपला, काढा." मुलं पुन्हापुन्हा हँडल फिरवत होती. वानखेडेनं खुंटी आत-बाहेर केली आणि म्हणाला, "सर, हे गाडीत बसवू या ना." सोनवणे लाजले. मी त्यांना लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

गाडी मिळाली ती जळगावात. माझं मूळ घर जळगावचं, आणि शेजारी भिकमचंदशेठ म्हणून मारवाडी गृहस्थ, त्यांची केळीची आडत. बागांमधून केळी सडकेपर्यंत आणायची म्हणजे काळ्या मातीतून आणायची. त्यांच्याकडे लिलावात घेतलेला एका जुन्या लष्करी गाडीचा सांगाडा गंजत पडला होता. मी सोनवण्यांना त्यांच्याकडे नेलं. शेठनी पितळी खेळणं हातात घेतलं, कुलूप लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि म्हणाले, "सर, आमाला यातलं काई कळत नाई. पण तुमी मानूस सच्चा हाये. गाडी घ्या, वर्कशॉपचं मी बघतो." असा भरवसा सोनवण्यांवर त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी टाकला नसेल. परतीच्या एस.टी.त ते धुळं येईपर्यंत बोलत होते.

मग आराखडे सुरू झाले. सोनवण्यांचा आराखडा म्हणजे पाहत राहावं असं काम. रेघ काढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत, म्हणजे टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि रेघ शेवटपर्यंत एका जाडीची येते. मुलांच्या कागदावर एक रेघ कमीजास्त झाली तर ते तो कागद फाडत. त्याच सुमारास आराखडे काढायची पद्धत वरून बदलून आली होती. वस्तू वरून पाहून काढलेलं चित्र जुन्या पद्धतीत समोरच्या चित्राच्या खाली काढत. नव्या पद्धतीत ते वर काढायचं. नवी पद्धत मुलांच्या अंगवळणी पाडायचा जिम्मा सोनवण्यांनीच उचलला होता. कागदांच्या कोपऱ्यात नव्या पद्धतीची खूण छापून घेतली होती, आणि जुन्या पद्धतीनं काढणाऱ्याची धडगत नसे. त्यांनी स्वतःचा आराखडा याच कागदावर काढला, जळगावच्या एका वर्कशॉपला दिला, आणि तिथल्या लोकांनी त्याबरहुकूम गोळ्याचं कवच आणि आतले भाग बनवले. मोठी दोन दातेरी चाकं जुन्या ट्रकची घेतली होती. बाकी सगळं सोनवण्यांचं.

भाग आले, बसले. एकही घासावा लागला नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. शेठच्या वखारीमागच्या पटांगणात गाडीला हार घातला, नारळ फोडला. गणपत नावाचा ड्रायव्हर बसला. शेठ खुर्ची टाकून मागच्या बाजूला बसले होते, कारण त्यांना कुलूप कसं लागतं ते पाहायचं होतं. गणपतनं पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे निघाली. शेठ खुर्ची सोडून पळाले, खुर्ची गाडीखाली गेली. गणपत गोंधळला, त्यानं दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी जोरात मागे. "सर, हे त मांगं चाल्लं ना हो!" तो ओरडला. शेवटी त्यानं मागे जायचा गिअर टाकला, तेव्हा गाडी शांतपणे पुढे गेली. हमाल पोट धरून हसत होते. मीही हसलो, आणि शेठ कपडे झटकत म्हणाले, "सर, गाडी एकदम मजबूत. पण आमाला केळं पुढं न्यायची हायेत."

सोनवणे हसले नाहीत. त्यांनी आराखडा बॉनेटवर पसरला आणि पाहत राहिले. मग समजलं. इतकी वर्षं जुन्या पद्धतीत चाललेला हात, मनासारखं काम मिळाल्यावर आपल्या सवयीनंच चालला होता. वरून पाहिलेलं चित्र त्यांनी खाली काढलं होतं. वर्कशॉपनं कोपऱ्यातली नवी खूण पाहिली आणि खालचं चित्र म्हणजे खालून पाहिलेलं, असं धरलं. डावं ते उजवं झालं. मोठं दातेरी चाक उलट्या बाजूला बसलं, आणि गाडी उलटी चालायला लागली. वर्कशॉपचं काहीच चुकलं नव्हतं. "हे मी पोरांना रोज सांगतो," सोनवणे म्हणाले, आणि कागदाची घडी घालायला लागले. घडी नीट पडेना, तेव्हा तशीच काखेत घेतली.

त्यांनी सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. चार महिने लोक हसले असते आणि विसरले असते. पण दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा जळगावला हजर. मागच्या दोन चाकांना जोडणारा पूर्ण आसच उलटा करायचा, वरचं खाली आणि खालचं वर, म्हणजे डाव्याचं उजवं होईल. स्प्रिंगच्या कमानी बसायच्या जागा कापून दुसऱ्या अंगाला डकवल्या, तेलाचं बूच खाली गेलं ते बुजवून नवं भोक पाडलं. शेठनी याही वेळी हो म्हटलं. नवी खुर्ची मात्र त्यांनी गाडीपासून लांब टाकली.

दुसरी परीक्षा केळीच्या बागेत झाली. पाटाचं पाणी सोडून एका बाजूची जमीन भिजवली होती. गाडी सरळ पुढे गेली, तेव्हाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती चिखलात शिरली. डावं चाक गरगर फिरायला लागलं, उजवं जागच्या जागी. सोनवणे गणपतच्या शेजारी बसले होते. त्यांनी कुलपाची दांडी ओढली. आतून खट्ट असा आवाज आला, आणि उजवं चाक फिरलं. मी समोरच उभा होतो. ती अवजड गाडी चिखलातून उचलल्यासारखी वर आली आणि पुढे सरकली. हातभर असेल, दीड हात असेल. सोनवण्यांचा चेहरा मला काचेतून दिसत होता. तोंड उघडं, डोळे माझ्या खांद्याकडे नाही, थेट माझ्या डोळ्यांकडे. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या आयुष्यात माझ्या हिशेबानं हातभर काही सरकलं नव्हतं.

मग ताडकन आवाज झाला आणि गाडी बसली. गोळ्यातून उजव्या चाकाला बळ नेणारा दांडा तुटला होता.

बैल जोडून गाडी बाहेर काढली. शेठनी चहा मागवला, माणसं पांगली. सोनवणे पाटाच्या कडेला बसून होते, तुटलेल्या दांड्याचा तुकडा मांडीवर. मी म्हणालो, लोखंड कच्चं असेल. "लोखंड चांगलं आहे," ते म्हणाले. "माझा हिशेब चुकला." मग त्यांनी सांगितलं, शांतपणे, वर्गात सांगावं तसं. साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाचं बळ दोन चाकांत निम्मं-निम्मं वाटलं जातं, म्हणून पुस्तकात प्रत्येक दांडा निम्म्या बळासाठी धरतात. त्यांनीही तसाच धरला. पण कुलूप लावलं की चिखलातलं चाक काहीच घेत नाही. सगळंच्या सगळं बळ एकट्या दुसऱ्या दांड्यावर येतं. ज्या वेळेसाठी त्यांनी कुलूप केलं, नेमकी तीच वेळ त्यांच्या हिशेबात नव्हती. "बळ कुठं गेलं हे मी जन्मभर लोकांना विचारत आलो," ते म्हणाले.

मी शहाणपणा केला. "मग दांडा जाड करा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. "जाड दांडा त्या छोट्या दातेरी चाकाच्या भोकात जात नाही. भोक मोठं केलं तर चाक मोठं करावं लागतं. चाक मोठं केलं तर गोळा मोठा. गोळा मोठा झाला तर तो खाली लोंबतो आणि आधी तोच चिखलात रुततो." मग हातातला तुकडा खाली ठेवून म्हणाले, "बठ्ठं पहिलापाईन करनं पडी."

आणि खरंच, त्यांनी पहिल्यापासून केलं. वर्ष गेलं त्यात. आता ते पुस्तकातला प्रत्येक आकडा संशयानं पाहत. शिकवताना मधेच थांबत, फळ्यावरचं सूत्र पुसत, पुन्हा तेच लिहीत. मुलं कुरकुर करायला लागली. नवा आराखडा पुरा झाल्यावर आम्ही दोघं तो घेऊन जळगावला गेलो. शेठच्या दारात नवाकोरा ट्रॅक्टर उभा होता. शेठ आनंदानं पुढे आले. "सर, बरं झालं आले! याच्यात पण तुमचंवालं कुलूप हाये. पायानं दाबलं का झालं!" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट आपली वस्तू इथे आहे म्हणून सरांना आनंद होईल, असंच त्यांना वाटत होतं. सोनवणे वाकले. मग ट्रॅक्टरखाली आडवे झाले. गणपतला त्यांनी ते पायातलं दाबून, सोडून, पुन्हा दाबून दाखवायला सांगितलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, "चांगलं आहे." आराखड्याची गुंडाळी त्यांनी उघडलीच नाही. शेठनी विचारलंही नाही, आणि मीही तिचा विषय काढला नाही.

तरीही त्यांना एक आशा होती, आणि ती वानखेडेची होती. वानखेडेला पुण्याकडे मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती, तीही गिअरच्या खात्यात. काही वर्षांनी तो पेढे घेऊन धुळ्याला आला, बढती झाली म्हणून. सोनवण्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. वहिनींनी चहा ठेवला, पण सोनवण्यांना धीर नव्हता. वानखेडेनं पाया पडून कंबर सरळ करायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे दांड्याची जाडी कशी ठरवतात रे? निम्मं बळ धरतात की सगळं? आणि जिथं अनुभवावरून ठरवा म्हणतात, तिथं काय करतात?"

वानखेडे जरा घुटमळला. "सर, आम्ही ठरवत नाही. नकाशे परदेशातून येतात."

"हो, पण डिझाईनची खोली असेल ना?"

"आहे ना सर. मी तिथंच आहे."

"मग तिथं काय करता?"

"इंचाचे मिलिमीटर करतो," वानखेडे म्हणाला.

सोनवणे त्याच्या खांद्याकडे पाहत राहिले. "कुणी शिकतंय का तरी? ही जाडी इतकीच का, असं कुणी विचारतं?"

"एकदा मी विचारलं होतं सर. साहेब म्हणाले, तिकडे चालतंय ना? मग झालं." तो खरं तेच सांगत होता, आणि सांगताना त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या. सोनवण्यांनी पेढा तोंडात टाकला, छान आहे म्हणाले, आणि वानखेडेच्या आईवडिलांची चौकशी केली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या आईवडिलांची चौकशी केल्याचं मला आठवत नव्हतं. तो गेल्यावर ते ओट्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मग मीच कधीमधी जात राहिलो. मोटारीचा विषय निघत नसे, आणि गल्लीत ट्रक आला तरी ते बसल्या जागचे उठत नसत.

पुढे माझी बदली जळगावला झाली. वहिनी निरोप द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आते घरमा कानसना आवाज नही येस. मालेच झोप नही लागस."

सोनवण्यांना मी शेवटचं पाहिलं ते परीक्षक म्हणून धुळ्याला गेलो तेव्हा. दुपारची वेळ, व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यांच्या वर्गातून आवाज येत होता म्हणून खिडकीशी थांबलो. ते खुर्चीत बसले होते आणि पुस्तकातून सांगत होते. डिफरन्शियलचाच धडा होता. सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती. एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि त्यानं विचारलं, "सर, हे सूत्र आलं कुठून?"

सोनवण्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "ते परीक्षेला येत नाही," ते म्हणाले. "पुढे लिहा."

मुलगा खाली बसला आणि लिहू लागला.